जर्मनीत शिकताय आणि नवरा/बायको दोन-तीन महिन्यांसाठी येणार आहे: खोली, कागदपत्रं आणि डबा

मांजराकाठ

दर वर्षी जून-जुलैत हाच प्रश्न तुकड्यातुकड्यांनी विचारला जातो, म्हणून एकाच धाग्यात लिहू. गृहीत असं धरलंय: एक जण जर्मनीत मास्टर्स करतोय, ब्लॉक्ड अकाउंटवर (आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) राहतोय, जोडीदार लातूर, नांदेड, परभणी, बीड, हिंगोली अशा ठिकाणी आहे आणि ६० ते ९० दिवसांसाठी भेटायला येणार आहे. कायमचं सोबत राहायला येण्याचा व्हिसा वेगळा, त्याला जर्मन भाषेची ए-वन (पहिल्या पायरीची) परीक्षा वगैरे लागते. तो विषय इथे नको.

सगळ्यात जास्त घोळ क्रमाचा होतो. स्वस्त दिसलं म्हणून आधी तिकीट निघतं आणि मग खोली, परीक्षा, कागद हे सगळं त्या तारखेमागे पळत बसतं. क्रम असा ठेवा: परीक्षेच्या तारखा, मग खोलीचा करार वाचणं, मग व्हिसाचे कागद, आणि पैसे भरून तिकीट सगळ्यात शेवटी. व्हिसाच्या अर्जाला विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं तिकीट नाही.

तारखांचं म्हणाल तर हिवाळी सत्राची लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतात, उन्हाळी सत्राची एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. परीक्षा त्याला लागूनच. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात मोकळा. मात्र काही विषयांचा दुसरा पेपर सप्टेंबरात असतो, तो बघून घ्या. आणि हाच काळ इकडे महालक्ष्म्यांचा असतो, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी असते. येणाऱ्या माणसाला घरातून कधी निघता येईल हे घरच्यांशी आधी बोला. ते न बोलता ठरवलेली तारीख हमखास बदलावी लागते.

तेरणा

कागदांचं मी लिहिते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी जमा व्हावा लागतो. निकालाला नेहमीची मुदत १५ दिवस, ती ४५ पर्यंत वाढू शकते. जून-जुलैत अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, म्हणून ऑगस्टला यायचं असेल तर एप्रिल-मेमध्येच हालचाल करा. फॉर्म ऑनलाइन भरून छापायचा, मग व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) केंद्रात बोटांचे ठसे नि कागद द्यायचे. मराठवाड्यातल्या लोकांना पुणं सोयीचं, नाही तर मुंबई. शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत (युरोपातले हा एकच व्हिसा चालणारे देश) चालणारा आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा. विद्यार्थ्याच्या सरकारी विम्यात भेटीला आलेला जोडीदार बसत नाही, कारण त्यासाठी तो माणूस जर्मनीत राहणारा असावा लागतो. त्या भरवशावर राहू नका.

आता खर्च कोण करणार हा खरा प्रश्न. दोन वाटा आहेत.

पहिली, तुम्ही जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र देता, त्याला फेरफ्लिख्टुंग्स-एर्क्लेरुंग म्हणतात. शुल्क २९ युरो. निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते व्हिसासाठी वापरावं लागतं. यात पाहुण्याचा सगळा खर्च, दवाखान्याचा धरून, कायद्याने तुमच्यावर येतो. पण त्यासाठी नियमित उत्पन्न दाखवावं लागतं. ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो तुमच्या एकट्याच्या पोटासाठी धरलेले असतात, म्हणून बहुतेक ठिकाणी त्यावर हमीपत्र देत नाहीत. नोकरी करणारा नातेवाईक जर्मनीत असेल तर तो देऊ शकतो.

दुसरी वाट, येणाऱ्याने स्वतःच्या पैशांवर येणं. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच जास्त चालते. जर्मनीसाठी दिवसाला ४५ युरो हा आकडा हिशेबाला धरा. ६० दिवसांचे २,७०० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पावणेतीन लाख रुपये खात्यात दिसले पाहिजेत, आणि ते अर्जाच्या आठ दिवस आधी एकरकमी आलेले नकोत. स्टेटमेंटवर महिनोन्महिने सात-आठ हजार शिल्लक आणि शेवटच्या ओळीत अडीच लाख जमा, हे बघितलं की पैसे उसने आहेत असा संशय येतो. पैसे खरोखर आई-वडिलांनी किंवा सासऱ्यांनी दिले असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं खातं आणि नातं दाखवणारा कागद सोबत लावा.

दुधना

तेरणाताई, शेतीवर घर असलेल्यांनी काय लावायचं? पगाराची स्लिप नसते, आयटी रिटर्नही कित्येकांचं नसतं.

तेरणा

सातबारा आणि आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीतल्या विक्रीच्या पावत्या (सोयाबीन, तूर, हरभरा जे असेल ते), आणि ते पैसे खात्यात आलेले दिसतील असं स्टेटमेंट. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दाखल्यावर चार लाख उत्पन्न आणि खात्यात त्याचा मागमूस नाही, असं असेल तर दाखल्याला वजन राहत नाही. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर लावा. सातबारा तसाच जोडला तर तो तिथे कुणाला वाचता येत नाही.

हे कागद फक्त पैशासाठी नसतात, दादा. माणूस परत येणार आहे हे त्यातून दिसतं. जमीन, नोकरी, शिकणारं मूल, बी.एड.चं दुसरं वर्ष, जे काही परत बोलावणारं आहे ते कागदावर आणा. जिल्हा परिषदेत किंवा कुठल्याही सरकारी नोकरीत असेल तर मंजूर रजा आणि परदेश प्रवासाची परवानगी दोन्ही लागतात. ती फाइल टेबलाटेबलावरून फिरते, म्हणून सगळ्यात आधी तिथे अर्ज टाका.

नावाचा घोळ वेगळाच. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या नोंदणीवर सासरचं, आधारवर तिसरंच. पासपोर्ट बदलायला वेळ नसेल तर तो आहे तसाच राहू द्या. अर्ज, विमा, आरक्षण, निमंत्रण सगळं पासपोर्टवरच्या नावाने करा आणि लग्नाच्या दाखल्याने दोन नावांची सांगड दाखवा. लग्न ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवलेलंच नसेल तर आधी ते करा. पत्रिका आणि फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

गोदाकाठ

निमंत्रण पत्राबद्दल भर घालतो. एक पान पुरे. दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, नातं, येण्या-जाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार, खाली सही. सोबत तुमच्या निवास परवान्याची प्रत, विद्यापीठाचा नावनोंदणी दाखला आणि खोलीच्या कराराची प्रत. पत्रात ‘खर्च मी करणार’ लिहायचं आणि जोडायचं बायकोच्या खात्याचं स्टेटमेंट, असं करू नका. एकाच अर्जात दोन कागदांनी वेगळं बोलणं हे नकाराचं नेहमीचं कारण.

आणि नकार आलाच तर आता फुकटात फेरविचार मागता येत नाही. ती सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. एक तर बर्लिनच्या न्यायालयात जायचं किंवा कमी पडलेला कागद जोडून नवा अर्ज करायचा. नवा अर्जच बरा पडतो.

बालाघाट

व्हिसा हातात आल्यावर तो नीट वाचा. यावर कुणीच बोलत नाही.

स्टिकरवर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. ‘फॉन’ आणि ‘बिस’ म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत हा व्हिसा चालतो. त्याच्या खालच्या भागात मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात, समजा ६०. तारखांच्या खिडकीत बहुतेक वेळा १५ दिवस जादा दिलेले असतात, म्हणजे खिडकी ७५ दिवसांची आणि मुक्काम ६० दिवसांचाच. लोक ‘बिस’ची तारीख बघून परतीचं तिकीट पुढे ढकलतात आणि मुक्काम दहा-बारा दिवस जास्त होतो. त्याची नोंद राहते आणि पुढचा व्हिसा अवघड होतो.

मोजताना उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरायचे. ९० दिवस मिळालेत आणि ५ ऑगस्टला उतरलात, तर ऑगस्टचे २७, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, झाले ८८. म्हणजे २ नोव्हेंबर हा ९० वा दिवस. ३ तारखेच्या पहाटेचं विमान असेल तर एक दिवस जास्त झाला. पूर्वी शिक्का पुसट असायचा, आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि ठसे घेऊन संगणकात नोंद होऊ लागली आहे, दिवस यंत्रच मोजतं.

त्या नोंदणीमुळे पहिल्यांदा येणाऱ्याला रांगेत वेळ लागतो. पुढे दुसरं विमान असेल तर मध्ये तीन तास ठेवा. मुंबईहून फ्रांकफुर्टला आणि म्युनिकला थेट विमान आहे. एकटं पहिल्यांदा निघालेल्या माणसासाठी चार हजार रुपये वाचवून मध्ये एक थांबा वाढवू नये, असं मला मनापासून वाटतं. निमंत्रण, विमा, परतीचं तिकीट हे छापून हातातल्या पिशवीत द्या. फोनवर ठेवलं आणि फोन उतरला तर रांगेत उभं राहून काही दाखवता येत नाही.

गावाहून मुंबईला येताना देवगिरी, तपोवन किंवा लातूर एक्स्प्रेस जी धराल ती, पण विमानाच्या आदल्या दिवशीची. पावसाळ्यात तर नक्कीच.

पूर्णामाय

खोलीचं कुणी लिहिलं नाही अजून.

खासगी भाड्याचं घर असेल तर पाहुणा ठेवायला घरमालकाची परवानगी लागत नाही. साधारण सहा-आठ आठवड्यांपर्यंत पाहुणा हा पाहुणाच धरला जातो. त्यापुढे मालक विचारू शकतो. दोन महिन्यांच्या वर मुक्काम असेल तर आधीच दोन ओळींची ईमेल टाका: कोण येतंय, कधीपासून कधीपर्यंत. नवरा-बायकोच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे, पण कळवणं गरजेचं.

विद्यार्थी वसतिगृहाचं तसं नसतं. करार एका माणसाचा असतो आणि रात्री मुक्कामाच्या पाहुण्यांवर दिवसांची मर्यादा असू शकते. करार आणि ‘हाउसऑर्डनुंग’ म्हणजे इमारतीची नियमावली, दोन्ही वाचा, मर्यादा बहुधा दुसऱ्यात असते. मर्यादा कमी असेल तर लपवून ठेवू नका. शेजारच्याने तक्रार केली की लेखी ताकीद येते आणि नंतर खोलीवर गदा येते. त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात गावी जाणाऱ्या मुलांच्या खोल्या तात्पुरत्या भाड्याने मिळतात, त्या ‘डब्ल्यूजी-गेझुख्त’ या खोल्यांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर बघा. मूळ मालकाची लेखी संमती असल्याची खात्री करा आणि खोली बघायच्या आधी डिपॉझिट पाठवू नका, चावी कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या भेटीला नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागत नाही. रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरामागे असतं, माणसामागे नाही, म्हणून तेही वाढत नाही. घरात बाकीची मुलं राहत असतील तर पाणी, हीटर, वीज यांचा वाटा आधी ठरवून द्या आणि सकाळच्या बाथरूमच्या वेळाही.

वसतिगृहातला पलंग ९० सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर दोघं दोन महिने झोपू शकत नाहीत. तीन घड्यांची गादी घ्या, पण ती जमिनीवर पडून राहू देऊ नका. अंगाची वाफ थंड फरशीवर गादीच्या खाली साचते आणि दोन आठवड्यांत काळी बुरशी धरते. रोज सकाळी भिंतीपासून थोडी लांब उभी करायची.

चावी! दारं ओढली की आपोआप बंद होतात, बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला म्हणून माणूस बाहेर पडला आणि अडकला की रात्री कुलूपवाला शेकडो युरो घेतो. वसतिगृहाची चावी सगळ्या इमारतीच्या कुलपांशी जोडलेली असते. ती बाजारात परस्पर करून मिळत नाही आणि हरवली तर अनेक कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. दुसरी चावी ऑफिसकडून रीतसर मागा. ती गळ्यात दोरीला.

दुधना

डब्याचं सांगा की. काळा मसाला, येसर, तूप, लोणचं हे तर येणारच सोबत.

बालाघाट

तूप नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात आणायला बंदी आहे. घरचं साजूक तूप, पेढे, खवा, कलाकंद सगळं त्यात आलं. कस्टमने पकडलं तर डबा तिथेच टाकतात. लोणी तिकडे चांगलं मिळतं, पाव किलोच्या दोन वड्या मंद आचेवर कढवल्या की झालं तूप.

ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ त्याशिवाय चालत नाही. सूट फक्त पाच फळांना: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नियमाने अर्धापूरची केळी जातील, आंबा नाही. ताजा कढीपत्ताही नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळाच्या तपासणीत काढून घेतात, त्या ठेवूच नका.

आता मसाला. दुबई किंवा अबुधाबीवरून तिकीट असेल तर खसखस नको, सुटी नाही आणि मसाल्यातही नाही. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, शिक्षा होऊ शकते. काळ्या मसाल्यात खसखस हमखास पडते, म्हणून यावेळचा मसाला खसखशीशिवाय कुटून घ्या. येसरात मुळात गहू, बाजरी, डाळ भाजून घातलेली असते, त्यातही खसखस घातलेली नसेल तरच ते बिनधोक. सगळी पुडं चेक-इन बॅगेत; हातातल्या बॅगेत तपकिरी पावडर ठेवली की बॅग उघडतात. पुड्यावर इंग्रजीत नाव लिहा.

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून वर प्लास्टिक, मग झाकण, मग बाहेरून टेप, मग दोन पिशव्या. बरणी काठोकाठ भरू नका, वर हवेचा दाब बदलला की तेल बाहेर येतं.

गोदाकाठ

ज्वारीचं पीठ पाच-सहा किलो आणू नका. तीन-चार आठवड्यांत पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला भेगा पडतात. दोन किलो आणा, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये टाका. तिथल्या दुकानात ‘हिर्झे’ लिहिलेलं पीठ ज्वारीचं समजून घेऊ नका, ते वरीसारख्या बारीक धान्याचं असतं. ज्वारीला ‘सोर्गुम’ शोधा. विरी कमी वाटली तर आधणाच्या पाण्यात उकड काढून मळा.

गॅसची आच नसते. काचेच्या सपाट शेगडीवर तवा बुडाला सपाट हवा. गावाकडचा खोलगट तवा मधेच तापतो आणि कडा कच्च्या राहतात. दुसरी बाजू तव्यावरच फडक्याने दाबत फुगवायची. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालतच नाही. आधी बुडाला चुंबक लावून बघा. वीज २३० व्होल्टच आहे, म्हणून आपला मिक्सर चालतो, फक्त पिनेला ॲडॉप्टर लागतो. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारभर मिक्सर नको, शेजारी तक्रार करतात.

पूर्णामाय

फोडणीचं मी सांगते, हे लई महत्त्वाचं आहे.

एका खोलीच्या घरात धुराचा सेन्सर शेगडीपासून दोन-तीन मीटरवर छताला असतो. तेल धुरावलं की तो वाजतो. म्हणून खिडकी आधी पूर्ण उघडायची, मग तेल तापवायचं, मध्यम आचेवर. एक मोहरी टाकून बघा. तडतडली की बाकीची टाका, झाकण ठेवा, आणि मिरची अगदी शेवटी, शेगडी बंद करून. काचेची शेगडी बंद केली तरी मिनिटभर तापलेलीच राहते, मिरचीला तेवढं पुरतं. सुकी मिरची आधी टाकली की ठसका आणि धूर दोन्ही.

धूर झालाच तर कॉरिडॉरचं दार उघडायचं नाही. हात तिकडेच जातो, पण चूक होते ती तिथेच. खोलीतला सेन्सर नुसता वाजतो. कॉरिडॉरमधला कित्येक वसतिगृहांत थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. गाडी आली की बिल येतं. दार बंद, खिडकी उघडी, टॉवेलने धूर खिडकीकडे ढकला. सेन्सरला पिशवी बांधणं तर नकोच नको.

दोन माणसांचा स्वयंपाक, अंघोळ, वाळणारे कपडे यांची वाफ भिंतीच्या कोपऱ्यात बसते. दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडी, हीटर बंद करून. दिवसभर फट ठेवण्याने भिंत गार होते आणि बुरशी वाढते.

मांजराकाठ

प्रवासाचं थोडक्यात. डॉइचलांड-तिकीट (देशभरातल्या लोकल गाड्या आणि बसचा मासिक पास) जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, म्हणून २० ऑगस्टला येऊन २० ऑक्टोबरला गेल्यास तीन महिन्यांचे पैसे जातात. १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबरला दोनच. ते आपोआप पुढे चालू राहतं, महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. तुमच्या विद्यार्थी तिकिटावर दुसऱ्याने बसायचं नाही. विनातिकीट ६० युरो दंड आहे.

दुधना

लग्न झालेलं नसेल तर? आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांचं काय?

तेरणा

लग्नाशिवाय मित्र म्हणून निमंत्रण देता येतं, पण नात्याचा दाखला नसल्याने येणाऱ्याची स्वतःची नोकरी, शिक्षण, पैसे हेच सगळं वजन उचलतात. नातं आहे ते स्पष्ट लिहा, ‘कझिन’ वगैरे खोटं लिहू नका.

गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर दहा दिवसांच्या, मूळ पाकिटात, अर्ध्या हातातल्या पिशवीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या; आपल्या ब्रँडची नावं तिकडच्या फार्मसीत कळत नाहीत. जुन्या आजारावरचे नेहमीचे उपचार प्रवास विम्यात बहुधा बसत नाहीत. रात्री-रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२. हे दोन्ही नंबर आणि घराचा पत्ता जर्मनमध्ये लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही लॅबमध्ये असताना फोन त्यांनाच करावा लागेल, आणि पलीकडचा माणूस सगळ्यात आधी पत्ता विचारतो.